कबरीवरचे नाव आणि चर्चमधली वही

२ नोव्हेंबर, म्हणजे मृत भाविकांचा स्मरणदिन, जवळ आला की वसईतल्या आमच्या चर्चच्या आवारातली दफनभूमी माणसांनी गजबजते. पावसाळ्यात माजलेले गवत कापले जाते, क्रुसांना चुना लागतो, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या येतात, आणि धर्मगुरू एकेका ओळीतून कबरींना आशीर्वाद देत फिरतात.

आमच्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती कबरी पाहायच्या तर वसईच्या किल्ल्यात जावे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत वेदीजवळ पुरले जाणे हा मान समजला जाई, म्हणून फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत आजही कोरीव अक्षरांच्या शिळा दिसतात. छप्पर उरलेले नसल्यामुळे त्यांच्यावर आता थेट पाऊस पडतो आणि पर्यटकांचे पायही.

आमच्यासारख्या शेतकरी-बागायतदारांच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीत, मुख्य अडचण जागेची. त्यामुळे साधी कबर काही वर्षांनी पुन्हा उघडावी लागते आणि अस्थी गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या जातात. पुष्कळांना हे ऐकून वाईट वाटते, पण मला यात अनादर दिसत नाही. त्याच मातीत आजोबा, मुलगा आणि नातू विसावतात. लाकडी पेटी लवकर कुजत नाही, म्हणून वसईतल्या काही धर्मग्रामांत पेटीऐवजी नुसत्या कापडात गुंडाळून दफन होऊ लागले आहे, आणि तो बदल मला मनापासून पटतो.

मला खरी काळजी वाटते ती नावांची. पणजोबांच्या संगमरवरी शिळेवरची काळी बुरशी जावी म्हणून आमच्या घरच्यांनी एकदा तिच्यावर अ‍ॅसिड ओतले. शिळा पांढरीशुभ्र झाली, पण तिचा पृष्ठभाग खडबडीत झाला आणि अक्षरांच्या कडा विरघळल्या. त्या दगडाला साधे पाणी, मऊ ब्रश आणि थोडा धीर एवढेच पुरेसे होते. पुसट अक्षरे वाचायची असतील तर अंधार पडल्यावर टॉर्च शिळेला जवळजवळ टेकवून प्रकाश तिरपा टाकावा. मग खाचांत सावली धरते आणि दिवसा न दिसणारे आकडे उमटून येतात. आम्ही तसे करून पाहिले, तेव्हा आडनाव लागले, वर्ष मात्र लागले नाही.

ते वर्ष अखेर चर्चच्या कार्यालयात सापडले. दफन झाल्यावर मृतांच्या नोंदवहीत नोंद करावी, असे १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेतही सांगितले आहे. आमच्याकडची वही तिच्याहून कितीतरी जुनी आहे. पाने पिवळी पडली असून कडांना वाळवी लागली आहे. कबर उघडण्याआधी शिळेचा फोटो काढावा आणि या वह्यांचे प्रत्येक पान स्कॅन करून ठेवावे, असा अर्ज मी धर्मग्रामाच्या समितीकडे दिला आहे, आणि फोटो काढण्याचे काम यंदाच्या साफसफाईपासून आमच्या ओळीत सुरू करत आहे.