मंगळावरच्या नवऱ्याला काय विचारायचं?

ऑडिओ कथा काढणाऱ्या एका कंपनीसाठी मी साताऱ्यात बसून स्क्रिप्ट तपासतो, रेकॉर्डिंगही करून घेतो. सध्या मागणी आहे ती विज्ञानकथेतल्या प्रेमाला. येणाऱ्या बहुतेक गोष्टींत यंत्रमानव प्रेमात पडतो आणि शेवटी त्याची बॅटरी संपते. मला त्याचा अगदी वीट आलाय. त्यामुळे कराडच्या एका इंजिनिअर पोराची मंगळावरची गोष्ट आली तेव्हा बरं वाटलं. नवरा तिथल्या तळावर पाण्याच्या प्लांटवर, बायको इथं. पोराचं गणित चोख. मंगळ जवळ असला की निरोप पोचायला तीनेक मिनिटं, सूर्याच्या पलीकडे गेला की २२. तिथला दिवस आपल्यापेक्षा ३९ मिनिटांनी मोठा, म्हणून नवऱ्याचं घड्याळ रोज तेवढं मागं पडत जातं आणि दोघांची संध्याकाळ पाच-एक आठवड्यांनी एकदाच जुळते. हा भाग तर मला फारच आवडला होता.

बायकोच्या आवाजासाठी आलेल्या ताईंचं माहेर अपशिंग्याचं. अपशिंगे मिलिटरी म्हणजे घरटी एक तरी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. ताईंचे वडील फौजी, नवराही फौजी. त्या दिवशी पाऊस असा लागला होता, की शेजारच्या पत्र्याचा आवाज माइकमध्ये येत होता. सर थांबली की एक टेक, असं चाललं होतं.

तिसऱ्या पानावर ताई अडल्या. वाक्यं होती : 'जेवलास का? बोलत का नाहीस? रागावलास माझ्यावर?' त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली नि काचेपलीकडून मला विचारलं, "दादा, हिचा निरोप जायला २२ मिनिटं, त्याचा यायला २२. म्हणजे पाऊण तास. हिला ते ठाऊक आहे ना?"

"आहे की."

"मग ही असलं विचारेलच कशी? आमचे हे वर उंचावर पोस्टिंगला होते तेव्हा आठवड्यातनं एक फोन यायचा, तोही कधी कटायचा. जेवलात का, हे मी एकदा विचारलं नाही. जेवलेच असणार, सरकार उपाशी ठेवतंय व्हय? मी आपली सांगत सुटायची. म्हशीनं दूध कमी केलं, पोराचा दात पडला, आत्याबाईंचा गुडघा सुजलाय. ते नुसते हं हं करायचे."

मी पोराला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "पण ताई, मग प्रेम दिसणार कसं?"

"बाळा, लग्न झालंय का तुझं?"

रेकॉर्डिस्ट हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. पोरगा मात्र चिवट. त्यानं हुकमी पान काढलं. साधारण २६ महिन्यांनी सूर्य मधोमध येतो आणि रेडिओ संदेशांत इतका बिघाड होतो, की यानांना आज्ञा पाठवणं दोनेक आठवडे बंदच ठेवतात. गोष्टीचा कळसाध्याय तोच होता. बायको ते दिवस रडून काढते.

"हे आधी कळतं का?"

"कळतं की. कित्येक वर्षं आधी काढता येतं."

"मग कशाला रडेल? कामं काढून ठेवेल ती. संडासाचा गिलावा, गाद्या पिंजून घेणं, बँकेचं पासबुक. रडू येतं कधी, तर लाईन सुरू व्हायचा दिवस उजाडतो, दुपार होते आणि फोन येत नाही, तेव्हा."

फोनवर कुणी बोलेना. मला वाटलं, कटला. मग पोरगा हळूच म्हणाला, "मी लिहून पाठवतो." मी म्हटलं, पाठवू नकोस, चालू ठेव फोन, इथंच करू.

चहा मागवला आणि बसलो. सगळे प्रश्न उडवले. ताई बोलत गेल्या, पोरगा टाइप करत गेला, मी नको तिथं कात्री लावली. दोन निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून जातात, ही युक्ती पोराचीच. सासूच्या गुडघ्याला कोणतं तेल लावावं हे नवरा मोठ्या काळजीनं सांगतोय, आणि तोवर सासू बाजाराला जाऊनही आलीय. त्याला ते कळेपर्यंत तो आणखी एक तेल सुचवतो. इतका सरळ प्रेमाचा प्रसंग माझ्या हातून बऱ्याच दिवसांत गेला नव्हता. अडचण एकच : एपिसोड १२ मिनिटांचा आणि निरोप २२ मिनिटांचा. त्यामुळे नवऱ्याची उत्तरं पुढच्या भागात ढकलली. कंपनीला प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा लागतेच, ती फुकटात मिळाली.

अंधार पडता पडता शेवटचा टेक झाला. लाईन सुरू होण्याच्या दिवसाचा. ताईंनी एकच वाक्य म्हटलं, तेही शेजारणीला : "डबा राहू दे, नेते नंतर."

आठवड्यानं कंपनीकडून शेरा आला : 'क्लायमॅक्सला नायिका गिलावा का करते? रोमँटिक सीन हवा.' मी कळवलंय, गिलावा राहील. अजून उत्तर नाही.