पंचम उघडला! तंबोऱ्याची जवारी, वर्षअखेरची नोंद

काल दुपारी माझ्या तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पंचमाची तार उघडली, म्हणजे तिची जवारी (घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पुलावर, तार हलकेच घासून येणारी गुंज) जमली. तार छेडल्यावर नाद वर चढत जातो आणि त्यातून हलकेच रिषभ डोकावतो, तो रिषभ इतके दिवस कुठेच नव्हता. काल तो अगदी स्पष्ट आला. घरातल्या सगळ्यांना बसवून ऐकवला. आईला जवारीतलं काही कळत नाही, पण तीही म्हणाली, "आता भरल्यासारखं वाटतंय."

मागच्या नोंदीत घोडी बसवून, नव्या तारा चढवून झाल्या होत्या. जोडाच्या (मधल्या, षड्जाच्या) दोन्ही तारा आणि खर्ज (खालच्या षड्जाची तार) बऱ्यापैकी बोलत होते, पंचम मात्र हटून बसला होता. घोडीवर तारेखाली घातलेला दोरा मागे घेतला की तार मुकी, पुढे सरकवला की करकर, आणि मधली जागा सापडतच नव्हती. साठलेली रजा मार्चमध्ये वाया जाण्याआधी नाताळपासून एक तारखेपर्यंत टाकली ती याचसाठी. बेत असा होता की पहाटे खर्जाचा (खालच्या स्वरांचा) रियाज, नाश्त्यानंतर जवारी, संध्याकाळी पुन्हा गळा, आणि उरलेल्या वेळात आराम. हा बेत दोन-तीन दिवसांत मोडला आणि मोडला तेच बरं झालं. कसं ते पुढे येईलच.

आधी घोडीचं सांगतो. खोलीत अंधार करून घोडीच्या मागे मोबाइलची बत्ती धरायची आणि डोळा तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीच्या) पातळीला आणायचा. तारेखालची उजेडाची फट दांडीच्या बाजूला केसाएवढी उघडी हवी, आणि मागे येता येता निमुळती होत हळूच मिटायला हवी. जोडाखाली ती तशीच दिसत होती. पंचमाखाली मात्र उजेड एकदम तुटत होता, म्हणजे तिथे उतार फार लवकर पडला होता. तारेला घासत जायला पृष्ठभागच मिळत नव्हता. अशा वेळी पुढच्या कडेला हात लावायचा नाही, मागचा उंचवटा उतरवायचा. माझ्या घोडीचा माथा हाडाचा आहे. कानस नुसती टेकवली तरी जास्त खाते, म्हणून पातळ सपाट पट्टीला पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवून घेतला. आधी सहाशे नंबर, मग हजार. तार बाजूला सरकवायची, दोनचार हात फिरवायचे, पांढरा भुगा फुंकरीने नव्हे तर ब्रशने काढायचा (फुंकरीबरोबर ओल जाते), तार जागेवर घ्यायची, पुन्हा स्वरात लावायची आणि ऐकायचं.

सगळा खेळ या ऐकण्याशी येतो. अर्ध्या तासाने सगळंच उघडं वाटायला लागतं. आणखी थोड्या वेळाने सगळंच बंद. त्यात पहाटे खर्ज लावून कान आधीच कामाला लागलेला असतो. गळा आणि पॉलिश पेपर ही दोन वेगळी कामं दिसतात, पण दोन्ही एकाच कानावर चालतात. फट आता बरी दिसत होती, तरी करकर जाईना. किती वेळा दोरा हलवला ते मोजायचं मी सोडून दिलं.

मग एक दिवस काहीच केलं नाही. घरच्यांना केव्हाचं दंडोबाला जायचं होतं, तिकडे गेलो. डोंगरावर थंड वारा, खाली द्राक्षबागा, डब्यात भाकरी आणि खर्डा. गाडीतही गाणं लावलं नाही. घरी येऊन लवकर झोपलो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा एक झोप काढली आणि मग तंबोरा मांडीवर घेतला.

पहिल्याच छेडीला कळलं की करकर घोडीवरून येतच नव्हती, घोडीच्या मागून येत होती. पंचमाच्या तारेत ओवलेल्या, स्वर बारीक लावायच्या मण्यावर बोट ठेवलं, करकर बंद. बोट उचललं, पुन्हा सुरू. मण्याचं भोक सैल झालं होतं आणि तो तबलीवर थरथरत होता. बंद जवारी आणि वाजणारा मणी, दोन वेगळी दुखणी इतके दिवस एकच होऊन कानावर पडत होती. थकलेल्या कानाला ती वेगळी काढता येत नव्हती.

मणी बदलल्यावर एक चाचणी केली, ती तुम्हीही करून पाहा. तार बरोबर मध्यावर छेडायची. साध्या घोडीवर अशा छेडीत वरच्या सप्तकाचा स्वर उमटत नाही, कारण त्या स्वरांशाचा (तारेच्या नादात मिसळलेल्या वरच्या स्वराचा) स्थिर बिंदू नेमका तिथेच पडतो. तंबोऱ्यात मात्र तो उमटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवरच्या आपल्या निबंधात हीच गोष्ट नोंदवली होती. त्यामुळे मध्यावर छेडूनही वरचा पंचम ऐकू आला, तर घोडी आपलं काम करतेय असं खुशाल समजा. माझ्याकडे तो आला, पण अंधूक. हजार नंबरचा हलका हात आणखी एकदा फिरवला, दोरा तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पुढे घेतला, आणि उघडला.

मणी आणायला मिरजेला गेलो तेव्हा सतारमेकर गल्लीत थोडा वेळ बसलो होतो. एक कारागीर जवारी काढत होते. मध्येच तंबोरा बाजूला ठेवून त्यांनी सतारीचे पडदे बांधायला घेतले. बराच वेळ तेच केलं, मग पुन्हा तंबोऱ्याकडे वळले. तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाइकाची घाई असेल. आता त्या थांबण्याचा अर्थ लागतोय.

तारांबद्दलही एक सांगायचंय. ऑनलाइन मागवलेल्या संचावर जाडीचा नंबरच नव्हता, आणि जोडाच्या दोन तारा एकाच जाडीच्या नव्हत्या. मिरजेत रिळावरून नंबर विचारून, समोर कापून देतात, बसून वाजवूनही बघू देतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे बरेच जण मला विचारतात की संच कुठून घ्यावा. जमेल त्यांनी स्वतः यावं, एवढंच म्हणेन.

थंडीचा त्रास वेगळाच. हवा कोरडी झाल्यामुळे खुंट्या आक्रसल्या आहेत आणि सुटतात. खडू चोळल्यावर धरतात. पहाटे तारा चढलेल्या असतात, ऊन वर आलं की उतरतात, आणि त्याबरोबर दोऱ्याची जागाही किंचित बदलते. हे लिहिता लिहिताच सुचलं, घोडीच्या कडेला पेन्सिलीने दोन बारीक खुणा कराव्यात, एक सकाळची, एक दुपारची. म्हणजे सकाळी रियाजाला बसताना शोधाशोध नको. आजच करून बघतो.

आता उरलेल्या रजेचा नवा बेत. खर्ज पहाटे नाही, ऊन अंगणात आल्यावर. गार हवेत गळा उगाच कोरडा पडतो. तोवर गरम पाणी आणि गप्पा. जवारीचं काम फक्त दुपारच्या झोपेनंतर, आणि कान शंका घ्यायला लागला की लगेच तंबोरा खोळीत. संध्याकाळी गाणं नाही आणि ऐकणंही नाही, आयर्विन पुलापर्यंत पायी फेरी. पूर्वी आराम शेवटी उरेल तेवढा घ्यायचो. आता आधी तो ठरवतो आणि मग काम त्यात बसवतो. खरंच सांगतो, या दोन दिवसांत आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त काम झालं.

जोडातली दुसरी तार पहिलीपेक्षा जराशी मंद आहे. हात शिवशिवतोय, पण या रजेत तिला हात लावणार नाही. पंचम उघडलाय तर आधी त्याच्याबरोबर पोटभर गाऊन घेतो. संक्रांतीनंतर बघू.

दोऱ्याबद्दल मात्र तुमचं मत हवंय. सध्या शिवणाचा सुती दोरा वापरतोय, तो दोन-तीन दिवसांत दबून चपटा होतो. रेशमी दोरा टिकतो, पण माझ्या काळी दोनच्या (हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी हा सा) तंबोऱ्यावर खर्ज जरा तिखट होतो. बाकीच्या तिन्ही तारांना रेशीम आणि फक्त खर्जाला सुती, असं कुणी करून पाहिलंय का? पाहिलं असेल तर दोऱ्याची जाडी आणि घोडी कशाची आहे तेही लिहा.