सिन उलटा करून बघा

लाओस आणि उत्तर थायलंडमधल्या बायका कमरेला नेसतात तो सिन लांबून काठाच्या लुंगीसारखा दिसतो. हातात घेतला की कळतं, हे एक कापड नाहीच. वरचा पट्टा हुआ सिन, म्हणजे डोकं. मधला तुआ सिन, म्हणजे अंग. खालचा तिन सिन, म्हणजे पाय. तिन्ही वेगळे विणून एकाखाली एक जोडायचे आणि बाजूला शिवण घालून नळा बंद करायचा.

हे तुकडे नुसते कापड वाचवायला केलेले नाहीत. डोक्याचा पट्टा साध्या सुताचा असतो, कारण सिन कमरेशी घडी घालून खोचतात. रेशीम खोचलं की घसरतं, सूत धरून राहतं. घामाने आणि पट्ट्याच्या घासण्याने हाच भाग आधी विरतो. मग तेवढाच उसवून नवा लावायचा. उलट, पायाच्या पट्ट्यावर सगळ्यात जास्त मेहनत असते, म्हणून अंग फाटलं तरी जुना पाय नव्या अंगाला जोडला जातो. त्यामुळे जुना सिन बघताना तिन्ही भागांचं वय एकच असेल असं धरून चालू नये.

शिवणी मोजल्या तर माग कसा लावला होता तेही समजतं. एकच उभी शिवण असेल तर मागावरची रुंदी अंगावर उंची झाली आहे आणि ताणा, म्हणजे मागावर आधी ताणून लावलेले धागे, कमरेभोवती आडवा फिरतो. उत्तर थायलंडमधल्या ताय युआन समाजातल्या बायकांच्या सिनवरचे आडवे पट्टे असे ताण्यातच रंग लावून येतात. ताय लू या दुसऱ्या समाजाच्या सिनला बऱ्याचदा दोन शिवणी असतात. तिथे पट्टे बाण्याचे, म्हणजे ताण्यातून आडव्या विणलेल्या धाग्यांचे असतात, म्हणून ताणा उभा ठेवावा लागतो. पण एका मागाची रुंदी पूर्ण घेराला पुरत नाही, मग दोन पन्हे जोडावे लागतात.

आता पाय. चियांग माय प्रांतातल्या मे चेमचा तिन चोक सर्रास भरतकाम म्हणून विकला जातो, पण त्यात सुई नसते. चोक म्हणजे उकरून काढणं. साळिंदराच्या काट्याने किंवा टोकदार काडीने ताण्याचे ठरावीक धागे उचलायचे, रंगीत धागा तेवढ्याच जागेत खालून घालायचा आणि मागे वळवायचा. शेजारच्या आकृतीला वेगळा धागा. एक ओळ अशी भरली की धोट्याने साधा बाणा टाकून फणी ठोकायची. कापड धरून ठेवतो तो हा साधा बाणा, रंगीत धागा वरचा पाहुणा. मे चेममध्ये हे विणताना कापडाची उलटी बाजू वर असते, म्हणजे गाठी आणि शेपट्या डोळ्यांसमोर राहतात आणि रंग बदलणं सोपं जातं. सुलटी बाजू तपासायला खाली आरसा धरायचा किंवा वाकून बघायचं.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. रंगीत धागा ओढून घेतला की पट्टा आखडतो आणि अंगाला जोडताना चुण्या पडतात. फणी कधी जोरात, कधी हलकी बसली की नक्षीतल्या चौकटीचा अर्धा भाग बसका आणि अर्धा उंच होतो. आणि धागा ताण्याच्या बऱ्याच धाग्यांवरून मोकळा सोडला की तो बांगडीत, नखात अडकून ओढला जातो.

पैठणी ओळखणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. पैठणीच्या पदरात बाणाच रंगारंगांत तुटलेला असतो आणि रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवतात. त्याचं सख्खं भावंड चोक नव्हे, तर नान प्रांतातल्या ताय लू बायकांचं ‘नाम लाय’, म्हणजे वाहतं पाणी: पायऱ्यापायऱ्यांच्या लाटा.

लाओसमधल्या नक्षीत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारा जादा बाणाही असतो. त्याची युक्ती फार सुंदर आहे. मागावर उभ्या लांब दोऱ्यांत एकेका ओळीसाठी एकेक काडी किंवा दोरी अडकवून नक्षी साठवून ठेवतात. काडी ओढली की त्या ओळीचे ताणे वेगळे होतात. ओळ विणून झाली की काडी दोऱ्यांच्या खालच्या भागात लावायची. वरच्या काड्या संपल्या की त्याच उलट्या क्रमाने परत वर न्यायच्या, आणि नक्षीचा दुसरा अर्धा भाग आरशातल्यासारखा आपोआप येतो. काडी एक जरी चुकीच्या जागी गेली तरी चूक पुढच्या प्रत्येक आकृतीत परत येते. लाओ विणकामातल्या नाग नक्षीची युनेस्कोच्या यादीत 2023 साली नोंद झाली.

मात मी, म्हणजे बांधून रंगवलेला बाणा, याबद्दल थोडक्यात: रंगवलेल्या कांड्या क्रमाने दोरीत ओवून ठेवतात. दोरी सुटली की नक्षी गेली. थायलंडमध्ये राणी सिरिकित यांच्या 1976 च्या सपोर्ट प्रतिष्ठानाने मात मी रेशमाला मोठा आधार दिला.

विकत घेताना उलटी बाजू बघा. चोकचे रंगीत धागे बाण्याला समांतरच जातात. तिरके टाके दिसले तर सुईकाम. मागे सगळीकडे एकाच रंगाचा बारीक दोरा असेल तर यंत्राचं भरतकाम. मागची बाजू फिकट असेल तर छापील. मग शिवणीपाशी या: दोन टोकांच्या चौकटी जुळवायला धागे मोजूनच सुरुवात करावी लागते, आणि घाईत विणलेल्या पट्ट्यात तिथे अर्धवट चौकट हमखास सापडते.

लाखेचा लाल रंग असेल तर साबणाचा सोडा लागू देऊ नका. क्षाराने तो जांभळ्याकडे झुकतो. गार पाणी, सौम्य धुणं, सावलीत वाळवणं. आणि जोडाची शिवण दाट मशीनटाक्याची नको, हाताची हवी, नाहीतर डोकं बदलताना अंगाचा काठच फाटेल.