‘शाळा काढा’ म्हणू नये

मुलांना ‘तुमची शाळा काढा’ म्हटलं की ठरलेलं चित्र येतं: इमारत, मधोमध झेंडा, कोपऱ्यात सूर्य. पाठ केलेलं असतं ते. म्हणून मुलांच्या शाळेतल्या आठवणी कागदावर उतरवण्याच्या कार्यशाळेत पहिला अर्धा तास चित्र नकोच, छाप घ्यावेत.

बाकावर कोरलेली अक्षरं, खिडकीची जाळी, गिलावा उडालेली भिंत. त्यावर कागद ठेवून मेणखडू आडवा घासायचा. खडूचं वेष्टण आधी सोलायचं, नाहीतर तो आडवा चालतच नाही. कागद झेरॉक्सचा, 75 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा. ड्रॉइंगच्या जाड कागदावर बारीक खाचा उमटत नाहीत. तैलखडू मऊ, हात लागला की फासतो. सगळ्यात जास्त छाप बिघडतात ते कागद सरकल्याने, रेघा दुहेरी येतात. कोपरे मास्किंग टेपने चिकटवावेत किंवा मुलांच्या जोड्या लावाव्यात, एकाने धरायचं, दुसऱ्याने घासायचं. मला जोडीच बरी वाटते. धरणाऱ्याला दुसरं काम नसतं, मग ‘हे कोणी कोरलं असेल?’ असं तोच सुरू करतो. तेव्हा मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

मग ए-3 कागदावर फाटकापासून वर्गापर्यंतची वाट. पट्टी आणि खोडरबर मुलांकडून आधीच काढून घ्यायचे. लहान मुलं इमारत समोरून आणि मैदान वरून, एकाच कागदावर काढतात. ते सुधारायला जाऊ नये. पाण्याचे नळ इमारतीपेक्षा मोठे निघाले तर तिथलंच काही विचारावं. छाप फाडून या वाटेवर त्या त्या जागी चिकटवायचे, पण ग्लू स्टिकने. पातळ डिंकाने झेरॉक्सचा कागद सुरकुततो.

‘आवडती आठवण सांगा’ हा प्रश्न टाळावा. पहिल्याने सहल सांगितली की पुढचे दहा जण सहलच सांगतात. ‘सगळ्यात जास्त आवाज कुठे असतो?’, ‘एकटं बसायचं असेल तर कुठे जाता?’ यावर उत्तरं वेगवेगळी येतात. ‘कुठे जावंसं वाटत नाही?’ हेही विचारावं, मात्र उत्तर फक्त कागदावर. त्या जागेवर एका कडेने चिकटवलेली झाकणपट्टी द्यावी. ती उघडायची की नाही, हे मुलाने ठरवायचं. पट्टीखाली मारहाण किंवा छळ दिसला तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी सांगावं.

प्रदर्शनात कागद लावण्याआधी प्रत्येकाला विचारावं. नावं मागच्या बाजूला.