पार्ट्रिज अँड ऑरेंज: हिवाळ्यातली बांधणी आणि एप्रिलचं पाणी

पार्ट्रिज अँड ऑरेंजवर आता हात बसू लागलाय. यंदाचा सगळा हिवाळा मी मुद्दाम या एकाच सॉफ्ट-हॅकल फ्लायला दिला, म्हणजे मऊ पिसाच्या तंतूंची कॉलर असलेल्या, ट्राउट माशासाठी हुकावर बांधलेल्या बनावट किड्याला. इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्समधल्या व्हार्फ, निड, यूर, स्वेल या नद्यांवर ती एकोणिसाव्या शतकापासून चालते. टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये यॉर्कशरच्या ट्राउट फ्लायांची यादी छापली, तीतही ती आहे. साहित्य तीनच गोष्टींचं: हूक, केशरी रेशीम आणि करड्या तितराचं एक पीस. म्हणूनच प्रत्येक वेढ्याला किंमत येते.

आधी अंगाबद्दल. मी १४ नंबरचा वेट फ्लायचा, म्हणजे पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायचा, हूक घेते. रेशीम हुकाच्या डोळ्यामागून (दोरी बांधायच्या छिद्रामागून) सुरू करून हुकाच्या टोकाच्या वर आलं की थांबायचं. मागच्या बाकापर्यंत न्यायचं नाही. अंग आखूड आणि बारीक राहिलं तरच फ्लाय पाण्यात किड्यासारखी दिसते. बॉबिन (रेशमाचं रीळ धरायचं साधन) घड्याळाच्या उलट दिशेने थोडी फिरवली की रेशमाचा पीळ सुटतो, ते चपटं होतं आणि वेढे एकमेकांना चिकटून बसतात. ओलं झालं की हा भडक केशरी रंग उतरतो, आतली हुकाची दांडी पुसट दिसायला लागते आणि सगळं तपकिरीकडे झुकतं. जोडे शिवणारे वापरतात ते काळपट मेण रेशमाला लावलं तर रंग आणखी गडद होतो. मार्च-एप्रिलच्या थंड पाण्यासाठी मला तोच गडदपणा आवडतो. जुने लोक पिअर्सल्स कंपनीचं गॉसमर रेशीम वापरायचे. ते बनणं बंद झाल्यापासून जुनी रिळं जपून वापरली जातात. मी दुसरं बारीक रेशीम घेते आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

खरा वेळ गेला तो हॅकलवर, म्हणजे पिसाच्या त्या कॉलरवर. पाठीवरचं तपकिरी, ठिपक्यांचं पीस घ्यायचं आणि बुडाची लव काढून टाकायची. तंतू हुकाच्या बाकापर्यंत किंवा जेमतेम त्याच्या पुढे पोचावेत. १६ नंबरच्या हुकाला पुरतील इतकी लहान पिसं मानेजवळच मिळतात आणि एका कातडीवर ती फार नसतात, म्हणून मी ती वेगळ्या डबीत काढून ठेवते. मोठी पिसंही वाया जात नाहीत. त्यांचे तंतू कापून, दांडीभोवती सारखे पसरून दोऱ्याने आवळले की छान हॅकल होतं, फक्त तंतूंची टोकं आधी एका रेषेत आणावी लागतात.

बांधण्याचा क्रम मी बदलला आणि तिथे सगळ्यात मोठा फरक पडला. आता पीस सुरुवातीलाच डोळ्यामागे बुडाकडून बांधते, शेंडा डोळ्याच्या पुढे. मग रेशीम मागे नेऊन अंग करत परत पिसाच्या मागे आणते. त्यानंतर पीस मागच्या दिशेने दीड वेढा फिरवायचं, शेंडा रेशमाखाली पकडायचा आणि रेशीम तंतूंमधून हलकेच डावं-उजवं करत पुढे आणायचं. तंतू दबत नाहीत आणि पिसाचा देठ रेशमाने जखडला जातो. ट्राउटचे दात त्या नाजूक देठाला लागले तरी हॅकल सुटत नाही. मग डोळ्यामागे लहानसं डोकं, व्हिप फिनिश (दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली अडकवायची शेवटची गाठ) आणि झालं.

दीडच वेढा का? एक, दीड, दोन, तीन अशा सगळ्या फ्लाया मी बाजूबाजूला ठेवून पाहिल्या. व्हाइसमध्ये (बांधताना हूक धरून ठेवणाऱ्या चिमट्यात) तीन वेढ्यांची सगळ्यात देखणी दिसते. पण नदीच्या कडेला उथळ वाहत्या पाण्यात लीडरवर (दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्यावर) धरली की तिचे तंतू एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. दीड वेढ्याच्या फ्लायचा प्रत्येक तंतू वेगळा हलतो. हे भांड्यातल्या पाण्यात कळत नाही, त्याला प्रवाह लागतो. ज्यांना नदी जवळ आहे त्यांनी हे नक्की करून पाहावं, माझ्या मते नव्या माणसाला यासारखं शिक्षण नाही.

त्याच पाण्यात आणखी एक गोष्ट दिसली. जोराच्या धारेत दीड वेढ्याचे तंतू अंगाला चिकटून बसतात आणि हालचाल संपते. त्यावर उपाय म्हणजे हॅकलच्या मागे तिळाएवढी सशाची लव वळून लावणे. तंतू त्या उंचवट्यावर टेकतात आणि उघडे राहतात. संथ पाण्याला मात्र नुसतं रेशीमच हवं. म्हणून आता माझ्या डबीचे दोन भाग आहेत, एक लववाल्यांचा, एक साध्यांचा. केशरी की पिवळं यावर खूप चर्चा चालते, पण वेढे, तंतूंची लांबी आणि ती लव यांच्यापुढे रंग मला दुय्यम वाटतो.

यॉर्कशरच्या नद्यांवर ट्राउटचा हंगाम २५ मार्चला उघडतो. एप्रिलमध्ये बर्न्सॉलच्या आसपास व्हार्फवर दुपारच्या सुमाराला लार्ज डार्क ऑलिव्ह या मेफ्लाय (खरे पाणकिडे) वर येऊ लागल्या की ही फ्लाय कामाला येते. मी आखूड दोरीने, आडवं आणि थोडं प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकते. फ्लाय मोकळी वाहू द्यायची, आणि दोरी ताणली जाऊन ती वर उठायला लागते त्या क्षणी सावध राहायचं. बहुतेक ओढी तिथेच बसल्या. सगळे ब्राउन ट्राउट परत सोडले, हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडने दाबूनच ठेवते.

हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर किंवा तिथे आणखी कुठे ट्राउटला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक महत्त्वाचं. भारतात तितर आणि पाणलावा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यांची पिसं शोधत बसू नका. ठिपक्यांच्या गावठी कोंबडीच्या मानेची मऊ पिसं घ्या. कोंबड्याची नकोत, ती ताठ असतात आणि प्रवाहात हलत नाहीत. वेढे तेवढेच, दीड. तिथे परवाना मत्स्य विभागाकडून मिळतो आणि हिवाळ्यात बंदी असते, तारखा आधी पाहून जा.

पुढचं काम स्नाइप अँड पर्पल ही फ्लाय (स्नाइप म्हणजे पाणलावा): जांभळं रेशीम आणि पाणलाव्याच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूचं लहानसं गडद पीस. त्याचा देठ तितराच्या पिसाहून नाजूक असतो, ओढताना लगेच तुटतो. रेशीम तंतूंमधून पुढे आणायची हीच पद्धत तिथेही वापरणार आहे. पिसं आधी जरा वाफेवर धरून मऊ केली तर देठ टिकतो का, ते सध्या बघतेय.