माउंटन व्ह्यूमध्ये पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या शोधात

शोरलाइन बुलेव्हार्डवरची ही पांढरी, काचेची इमारत पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची होती. आता तिथे कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे. मी सॅन फ्रान्सिस्कोहून कॅलट्रेनने माउंटन व्ह्यूला उतरले. सनीव्हेलची भाची स्टेशनवर न्यायला आली होती.

पहिला पर्सनल कॉम्प्युटर कोणता, हा आमचा वाद पेटला तो केनबॅक-१ समोर. जॉन ब्लँकनबेकर यांनी बनवलेलं हे यंत्र १९७१ मध्ये ७५० डॉलरला विकायला आलं. पुढे दिव्यांची ओळ, खाली बटणं, स्मृती फक्त २५६ बाइट्स. मायक्रोप्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी एकच चिप, नाहीच, कारण इंटेलची ४००४ चिप बाजारात आली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. पन्नाससुद्धा खपले नाहीत. तरी १९८६ मध्ये बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियमने सर्वात जुना पर्सनल कॉम्प्युटर शोधण्याची स्पर्धा घेतली, तेव्हा मान केनबॅकला मिळाला. परीक्षकांत ॲपलचे स्टीव्ह वॉझ्निॲकही होते. बॉस्टनचा तो संग्रहच पुढे इकडे कॅलिफोर्नियात आला.

"पन्नासही खपले नाहीत, मग तो पहिला कसा गं आत्या?" भाची म्हणाली. तिचं मत अल्टेअर ८८०० ला. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर तो झळकला, ३९७ डॉलरला सुटे भाग मागवायचे आणि घरी डाग देऊन जोडायचे. त्याच्यासाठी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती लिहिता लिहिता बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी मायक्रोसॉफ्ट काढली. अल्टेअरच्याही आधी, १९७३ मध्ये, फ्रान्समध्ये शेतीसंशोधन संस्थेसाठी बनलेला मिक्राल हा कॉम्प्युटर इंटेलच्या ८००८ चिपवर चालत होता, हे मी तिला सांगितलं. तिने ते मान्य केलं, पण अल्टेअर सोडला नाही.

मग आम्ही आयबीएम १४०१ या जुन्या, मोठ्या कॉम्प्युटरच्या दालनात गेलो, आणि माझं मत ठरलं ते तिथेच. १९५९ साली जाहीर झालेली ही यंत्रं इथल्या स्वयंसेवकांनी दुरुस्त करून पुन्हा चालू केली आहेत. पंचिंग मशीनवर मी माझं नाव टाइप केलं, कार्डात भोकं पडली. प्रिंटरचा खडखडाट तर अख्खी खोली व्यापतो. त्या काळी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या हाती द्यायचा आणि निघून जायचं. उत्तर तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एक भोक चुकलं की पुन्हा रांगेत. यंत्राशी तुमची गाठच पडत नसे.

ती गाठ घालून दिली लिंक (LINC) नावाच्या छोट्या कॉम्प्युटरने. १९६२ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये वेस्ली क्लार्क यांनी तो घडवला, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकट्या संशोधकाने चालवावा म्हणून. कीबोर्ड, छोटा पडदा, खिशात मावणारी टेपची रिळं. १९६३ च्या उन्हाळ्यात संशोधकांनी बॉस्टनजवळच्या केंब्रिजला येऊन आपापले लिंक स्वतः जोडले आणि प्रयोगशाळेत नेले. पुढे हा गट सेंट लुईसला हलला. गटातल्या प्रोग्रॅमर मेरी ॲलन विल्क्स यांना तिकडे जायचं नव्हतं, म्हणून १९६५ मध्ये एक लिंक त्यांच्या आईवडिलांच्या बाल्टिमोरच्या घरी पाठवण्यात आला. घराच्या जिन्यापाशी ठेवलेल्या त्या यंत्रावर त्यांनी लॅप६ ही लिंक चालवणारी प्रणाली लिहिली.

किंमत चाळीस हजार डॉलरच्या वर, हा भाचीचा आक्षेप खरा आहे. सामान्य माणसाने तो विकत घेणं अशक्यच होतं. पण माझ्या लेखी पैशाचा प्रश्न दुसरा. आपण विचारावं आणि यंत्राने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, मध्ये ऑपरेटर नाही, रांग नाही, चुकलं तर आपणच दुरुस्त करायचं, रात्री दोनला सुचलं तर रात्री दोनला बसायचं: हे सुख घरबसल्या मिळालेल्या पहिल्या काही माणसांत एक बाई होती, आणि केनबॅकच्या सहा वर्षं आधी. माझं मत लिंकला.

पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क (PARC) या संशोधन केंद्रातला १९७३ चा आल्टो हा कॉम्प्युटरही इथे आहे. माऊस, खिडक्या, सगळं काही असलेला, पण बाजारात कधी न आलेला. त्याच्यापुढे थांबा. इथे येणार असाल तर १४०१ ची प्रात्यक्षिकं ठरावीक दिवशीच असतात, ती आधी बघून मगच दिवस निवडा आणि लिंकपाशी जाण्याआधी एक कार्ड पंच करून घ्या.