उड्डाणापूर्वीचा तास

सुरक्षा तपासणी आटोपली की उरलेला वेळ मी ड्युटी फ्री, म्हणजे करमुक्त मालाच्या, दुकानांत घालवतो आणि काही घ्यायचे नसले तरी ते फिरणे मला मनापासून आवडते. कागदी पट्टीवर फवारलेले अत्तर लगेच नाकाशी न नेता क्षणभर थांबावे, म्हणजे मद्यार्काचा उग्रपणा उडून जातो आणि खरा गंध हळूहळू उलगडतो. पहिले ड्युटी फ्री दुकान १९४७ साली आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर सुरू झाले. पुढे विमान बदलायचे असल्यास १०० मिलिलिटरहून मोठी बाटली दुकानाने दिलेल्या मोहोरबंद पारदर्शक पिशवीतच, पावतीसह राहू द्यावी. मी ती पिशवी उतावीळपणे फोडली आणि पुढच्या तपासणीत बाटली गमावली, त्याची हळहळ अजून वाटते.